फड पद्धत

नदीवर बंधारा घालून वळवलेले पाणी गावाने सामुदायिक शिस्तीने शेतीला देण्याची जी पारंपरिक व्यवस्था उत्तर महाराष्ट्रातील धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत रुजली, तिला ‘फड पद्धत’ म्हणतात. तापीला मिळणारी पांझरा आणि गिरणा खोऱ्यातील मोसम व आरम या नद्यांच्या काठी ती सुमारे ३०० ते ४०० वर्षे चालत आल्याचे मानले जाते. या नद्या सह्याद्रीच्या बाजूने भरून येतात, पण ज्या मैदानातून वाहतात तेथे पावसाचा भरवसा नसतो. येथे ‘फड’ म्हणजे तोडणीला आलेला ऊस नव्हे, तर एका हंगामात एकाच पिकाखाली ठेवलेला शिवाराचा सलग भाग.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाने काढलेल्या पाटातून चाऱ्या, म्हणजे लहान पाट, आणि चाऱ्यांतून सारंग, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या वाटा, फुटतात. पाणी केवळ उताराने वाहते आणि जादा झालेले सांडव्यावाटे नदीत परत जाते. भिजणाऱ्या क्षेत्राचे साधारणतः चार फड पाडलेले असतात. त्यांपैकी एकात ऊस, बाकीच्यांत हंगामी पिके, आणि पुढे ही पिके फडाफडांतून फिरतात. शेजारच्या सर्व शेतांना एकाच वेळी पाणी लागत असल्याने पाळी सलग चालते व कोरड्या चाऱ्या पुन्हापुन्हा भिजवण्यात पाणी वाया जात नाही.

पद्धतीचे खरे मर्म मात्र जमिनीच्या वाटणीत आहे. प्रत्येक खातेदाराचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असतो. त्यामुळे नदीला पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड पूर्णपणे कोरडा ठेवला, तरी तोटा कोणा एकाच्या माथी न येता सगळ्यांत वाटला जातो. ज्याचे शेत पाटाच्या तोंडाशी, त्याचीच चंगळ, हा कालव्यांचा नेहमीचा आजार येथे मुळातच टळतो.

पाटावर देखरेख पाटकरी करतो, राखण जागल्या करतो आणि पिकाला पाणी, म्हणजे खानदेशी बोलीत ‘बारे’, बारेकरी देतो. फावड्याने एका वाफ्याचे तोंड मातीने बुजवून पुढच्याचे फोडणारा हा माणूस साऱ्या फडाचा असतो, एका मालकाचा नव्हे. या सेवकांचा मोबदला पूर्वी धान्यरूपाने दिला जाई.

ही समानता जमीनधारकांपुरतीच होती, हेही नोंदवले पाहिजे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा दिला. फडात तशी तरतूद नव्हती.

मोसमवरील हरणबारी, आरमवरील केळझर आणि पांझरेवरील अक्कलपाडा अशी धरणे वरच्या अंगाला झाल्यावर बंधाऱ्यांत येणारे पाणी गावाच्या हाती राहिले नाही. वारसाहक्काने जमिनी विभागल्या गेल्या आणि एका फडात एकच पीक हा नियम सैल झाला. विहिरी व विजेच्या पंपांचा परिणाम याहून खोल आहे: स्वतःची विहीर असलेल्या शेतकऱ्याला पाटाचा गाळ काढायला येण्याची निकड उरत नाही, जरी त्याच्या विहिरीला येणारा पाझर बऱ्याचदा त्याच मातीच्या पाटातून मुरलेला असतो.