पाटीवरचं ‘इंटरनॅशनल’

मिहानमध्ये (विमानतळाजवळच्या उद्योग-परिसरात) नोकरी घेऊन परदेशातून नागपूरला परतणाऱ्या घरांत एक समज पक्का आहे: शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आहे, म्हणजे बोर्डही परदेशी. तसं नाही. नाव संस्था ठेवते, बोर्ड वेगळं असतं. वर्धा रोडवर वहिनींसोबत अशाच एका शाळेत गेलो. गेटवर सोनेरी अक्षरं, आत प्रवेश-अर्जाच्या कोपऱ्यात बारीक टायपात सीबीएसईचा संलग्नता क्रमांक! (यात वाईट काही नाही. दुबईतही सीबीएसईच्या शाळा आहेत. पोरगं तिथूनच येत असेल तर उलट सोयीचं.)

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) किंवा केंब्रिज ही खरी परदेशी बोर्डं. त्यांपैकी एखादं हवं असेल, तर त्या त्या संस्थेच्या वेबसाइटवर शाळेचं नाव शोधा. ‘कॅंडिडेट स्कूल’ लिहिलेलं असेल, तर आयबीची मान्यता अजून मिळालेली नाही. ‘आयबी केलं की इथलं कॉलेज बंद’ हीसुद्धा अफवाच. आयबी डिप्लोमा बारावीच्या समकक्ष धरला जातो. मात्र इंजिनीअरिंगला जायचं तर विषय आधीच जुळवून घ्या.

जास्त जपायचं ते बोर्ड बदलायचं वर्ष. आयजीसीएसई (केंब्रिजची दहावी) साधारण दोन वर्षांचं, अकरावी-बारावीचा आयबी डिप्लोमाही दोन वर्षांचा, सीबीएसईत दहावीच्या परीक्षेसाठी नववीतच नोंदणी होते. दहावीच्या तोंडावर बोर्ड बदलणं म्हणजे पोराच्या डोक्याला ताप. शक्यतो नववीला किंवा अकरावीलाच आणा.