ऑक्सिजन किती मिनिटं पुरेल? स्कूबा प्रशिक्षकाचा प्रथमोपचार

स्कूबा प्रशिक्षक व्हायचं तर प्रथमोपचार आणि सीपीआरचं (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचं) प्रशिक्षण ताजं लागतं. पॅडी ही स्कूबा प्रशिक्षण देणारी संस्था ते गेल्या 24 महिन्यांतलं असावं, अशी अट घालते. पण सराव नसेल तर हात काही महिन्यांतच विसरायला लागतो, त्यामुळे ही मुदत कागदापुरतीच धरावी.

बुडणाऱ्याचं हृदय बहुधा ऑक्सिजन संपल्यामुळे थांबतं. हृदयविकाराने अचानक कोसळलेल्याच्या रक्तात थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो, म्हणून तिथे पहिली काही मिनिटं नुसती छाती दाबूनही निभावतं. इथे निभावत नाही. युरोपीय पद्धतीत आधी 5 श्वास, मग 30 दाब आणि 2 श्वास असा क्रम. दाब 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. तोंडातून फेस येतच राहतो. तो पुसत बसू नये, तसेच श्वास द्यावेत. उलटी झाली तर मात्र कुशीवर वळवून तोंड साफ करायचं. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, लावताना छाती कोरडी करायची, पण ते येईपर्यंत श्वास थांबवायचे नाहीत. पाण्यात तरंगत छाती दाबणं व्यर्थ आहे, कारण पाठीला टणक आधारच नसतो.

श्वास रोखून वर येणाऱ्याचा धोका वेगळा. 10 मीटरवरून पृष्ठभागावर येताना दाब निम्मा होतो आणि फुप्फुसातली हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटून हवा रक्तात शिरली, तर वर आल्यावर बहुधा 10 मिनिटांच्या आतच शुद्ध हरपते किंवा एक बाजू लुळी पडते. वर येताना शरीरात तयार होणाऱ्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आजार, म्हणजे डीकम्प्रेशन सिकनेस, सावकाश येतो: सांधेदुखी, मुंग्या, न जाणारा थकवा. दोन्हींतला फरक बोटीवर ओळखत बसायची गरज नाही. उपचार एकच: आडवं झोपवा, शुद्ध ऑक्सिजन द्या, फोन करा. डोकं खाली, पाय वर ही जुनी रीत आता सोडून दिली आहे. त्याने मेंदूची सूज वाढू शकते आणि श्वासही जड होतो. धाप लागून गुलाबी फेस खोकणारा, शुद्धीवर असलेला डायव्हर मात्र बसवूनच ठेवावा. त्याच्या फुप्फुसांत पाणी साचलेलं असू शकतं.

शुद्ध ऑक्सिजनच का? श्वासातला नायट्रोजन बंद झाला, की बुडबुड्यातला नायट्रोजन रक्तात आणि तिथून फुप्फुसांत झपाट्याने ओढला जातो. शिवाय उपाशी पेशींना ऑक्सिजन मिळतो.

आता हिशोब. 3 लिटरचा सिलिंडर 200 बारला (बार हे दाबाचं एकक) भरला, तर त्यात सुमारे 600 लिटर वायू मावतो. 20 बार राखीव ठेवले की हाती 540 लिटर. मिनिटाला 15 लिटर सोडले तर 36 मिनिटं! किनारा दीड तासावर असेल तर 1,350 लिटर हवेत, म्हणजे असे तीन सिलिंडर. डिमांड व्हॉल्व्ह श्वास घेतानाच वायू सोडतो, त्यामुळे शांत पडलेल्या माणसाला मिनिटाला साधारण 8 ते 10 लिटरच लागतात आणि मास्क घट्ट बसला तर ऑक्सिजन जवळजवळ शुद्ध पोहोचतो. रुग्ण स्वतः श्वास घेत असला पाहिजे, एवढंच.

सरावात चुका बारीकसारीक असतात, पण त्याच महागात पडतात. पिशवीचा मास्क चेहऱ्यावर चढवण्याआधी पिशवी फुगवायला विसरतात. श्वास घेताना पिशवी पूर्ण चिपकत असेल तर प्रवाह कमी पडतोय. रेग्युलेटरचा (सिलिंडरचा दाब कमी करणाऱ्या जोडाचा) वॉशर पेटीत नसतो, किंवा सिलिंडरची चावी दुसऱ्याच बॅगेत असते. व्हॉल्व्ह झटक्याने उघडणं घातक आहे. जोडाला तेल, ग्रीस किंवा सनस्क्रीनचा हात लागलेला असेल तर पेट घेऊ शकतो.

सगळ्यात फसवा क्षण म्हणजे ऑक्सिजनने लक्षणं गायब होतात तो. रुग्ण म्हणतो, 'आता बरं वाटतंय', आणि दवाखाना टळतो. बुडबुडे मात्र शिल्लक असू शकतात, म्हणून ऑक्सिजन चालू ठेवून डायव्हिंगची जाण असलेल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवणं भाग आहे. पुढे रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे रुग्णाला पुन्हा जास्त दाबाखाली ठेवणारी बंद खोली, लागेल की नाही, ते तेच ठरवतील. तोवर विमानप्रवास नाही. हेलिकॉप्टरने न्यायचं झालं तर ते शक्य तितकं खालून उडावं. रुग्णवाहिकेत एन्टोनॉक्स, म्हणजे नायट्रस ऑक्साइड मिसळलेला वेदनाशामक वायू, देऊ नका असं स्पष्ट सांगा; तो बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो. सोबत चिठ्ठी द्या: किती खोल, किती मिनिटं, वर कधी आला, पहिलं लक्षण कधी दिसलं, ऑक्सिजन कधी सुरू केला. डायव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ नोंदवणारं डायव्हरचं यंत्र, तेही बंद न करता रुग्णाबरोबरच पाठवा.