टॅन इन्व्हर्स की साइन इन्व्हर्स? काटकोन कुठे आहे ते आधी बघा

भिंतीला समांतर धावणारी छोटी रोबो-गाडी करायची, तर तिच्या एका बाजूला पुढे एक आणि मागे एक असे दोन अंतर मोजणारे सेन्सर बसवतात. समजा दोघांमध्ये २० सेंमी अंतर आहे. पुढचा सांगतो ३५, मागचा सांगतो ३०. म्हणजे गाडीचं तोंड भिंतीपासून बाहेर वळलंय. पण किती अंशांनी?

इथे दोन सूत्रं पुढे येतात. रीडिंगमधला फरक ५, त्याला २० ने भागलं की ०.२५. कुणी त्याचा टॅन इन्व्हर्स घेतं (म्हणजे ज्याचा टॅन ०.२५ आहे तो कोन), उत्तर १४.०४ अंश. कुणी साइन इन्व्हर्स घेतं, उत्तर १४.४८ अंश. दोघंही कागदावर आकृती काढून दाखवतात आणि दोन्ही आकृत्या बिनचूक असतात. म्हणूनच हा घोळ लवकर सुटत नाही. खरं तर त्या आकृत्या दोन वेगळ्या सेन्सरच्या आहेत.

आधी सरळ रेघ मारणारा सेन्सर घेऊ. अरुंद झोताचा लेझर सेन्सर किंवा शार्प कंपनीचा १० ते ८० सेंमी मोजणारा इन्फ्रारेड सेन्सर या जातीचा. गाडीला काटकोनात बसवला की तो नाकासमोर बघतो आणि त्याच रेषेवर जिथे भिंत लागेल तिथपर्यंतचं अंतर देतो. गाडी तिरकी झाली की ही रेषाही भिंतीवर तिरकी पडते. जवळच्या सेन्सरची रेषा भिंतीला टेकते त्या बिंदूतून गाडीला समांतर रेघ काढा. ती लांबच्या सेन्सरच्या रेषेला काटकोनात भेटते. या त्रिकोणात २० सेंमी ही कोनालगतची बाजू, ५ सेंमी ही समोरची बाजू, आणि कर्ण भिंतीवर पडलेला. समोरची भागिले लगतची, म्हणजे टॅन.

आता एचसी-एसआर०४, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रत्येक डब्यात असणारा दोन डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर. तोही सरळ बघतोय असं वाटतं, पण आवाजाची गोष्ट निराळी आहे. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज शंकूसारखा पसरवतो आणि सगळ्यात आधी परतलेल्या प्रतिध्वनीची वेळ मोजतो. या आवाजाची तरंगलांबी साधारण साडेआठ मिलिमीटर. गिलावा केलेल्या भिंतीचा खडबडीतपणा त्यापुढे काहीच नाही, त्यामुळे अशी भिंत आवाजाला आरशासारखी असते. आरशावर तिरका पडलेला आवाज दुसरीकडे निघून जातो. सेन्सरकडे परत येतो तो फक्त भिंतीवर लंब पडलेला भाग. म्हणजे गाडी थोडी वळली तरी हा सेन्सर भिंतीपासूनचं लंब अंतरच सांगत राहतो. तो लंब शंकूच्या बाहेर गेला की रीडिंग गायब होतं किंवा भलतंच येतं.

लंब अंतरांचा त्रिकोण काढला की काटकोन जागा बदलतो. आता समांतर रेघ भिंतीला धरून काढावी लागते, काटकोन तिच्यावर बसतो आणि गाडीवरचं २० सेंमी अंतर कर्ण होतं. समोरची भागिले कर्ण, म्हणजे साइन. नववीच्या भूमितीतलंच गुणोत्तर आहे, फक्त कुठली बाजू कर्ण हे सेन्सर ठरवतो.

मग अर्ध्या अंशासाठी एवढं कशाला? लहान कोनात खरंच फरक पडत नाही. रीडिंगमधला फरक २ सेंमी असेल तर ५.७१ आणि ५.७४. पण फरक १० सेंमी झाला की एक सूत्र २६.६ देतं, दुसरं ३०. आणि समोर दरवाजाची फट आली, पुढचा सेन्सर ५५ बोलला, तर साइन इन्व्हर्सला १.२५ मिळतो. तसा कोनच नाही, प्रोग्रॅममध्ये 'नॅन' (नॉट अ नंबर, म्हणजे ही संख्याच नाही) येतो आणि मोटरला काहीही हुकूम जातो. टॅन इन्व्हर्स अशा वेळी शांतपणे ५१ अंश देतो. मला हे जास्त धोक्याचं वाटतं, कारण उत्तर चुकीचं असूनही ते खरं भासतं. म्हणून कोन काढण्याआधी गुणोत्तर तपासा.

माझ्या मते सूत्रापेक्षा मोठी चूक पुढच्या पायरीवर होते. कोन मिळाला की पुष्कळ जण दोन रीडिंगची सरासरी घेऊन तिला कोसाइनने गुणतात, भिंतीपासूनचं खरं अंतर मिळावं म्हणून. लेझरला ते हवंच: सरासरी ३२.५, खरं अंतर ३१.५. पण अल्ट्रासॉनिकने लंब अंतर आधीच दिलेलं असतं. त्याला पुन्हा गुणलं की गाडी आहे त्यापेक्षा भिंतीच्या एक सेंमी जवळ आहे असा समज होतो.

काही सेन्सर या दोन्हींच्या मध्ये बसतात. व्हीएल५३एल०एक्स प्रकाशावर चालतो, पण त्याची नजर २५ अंशांची आहे, त्यामुळे तो एका बिंदूऐवजी भिंतीचा एक तुकडा बघतो. दगडी भिंत किंवा पडदा समोर असला तर अल्ट्रासॉनिकचाही नियम ढळतो. अशा वेळी डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, वाद घालण्यापेक्षा मोजून बघावं. सेन्सर भिंतीसमोर ५० सेंमीवर सरळ ठेवा, मग त्याची जागा न हलवता १५ अंश फिरवा. रीडिंग ५१.८ च्या आसपास गेलं तर टॅन. ५० वरच राहिलं तर साइन. फरक जवळपास दोन सेंमीचा आहे, लपत नाही.

आर्डुइनोवर, म्हणजे गाडीचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या बोर्डावर, दोन गोष्टी सांभाळा. कोनाचं उत्तर रेडियनमध्ये येतं, अंशांसाठी त्याला ५७.३ ने गुणावं लागतं. आणि दोन्ही अंतरं पूर्णांकात ठेवली तर ५ भागिले २० चं उत्तर शून्य येतं, गाडी कायम सरळच आहे असं दिसतं.

अल्ट्रासॉनिकची जोडी वापरताना आणखी एक अडचण असते. एकाचा प्रतिध्वनी दुसऱ्याने ऐकू नये म्हणून दोघांना आळीपाळीने, साधारण ६० मिलिसेकंदांच्या अंतराने चालवतात. गाडीचा वेग सेकंदाला ५० सेंमी असेल तर तेवढ्यात ती ३ सेंमी पुढे जाते, आणि साडेचौदा अंशांवर भिंतीपासूनचं अंतर पाऊण सेंमीने बदलतं. म्हणजे कोनात दोन अंशांची चूक, टॅन आणि साइनमधल्या फरकाच्या चौपटीहून जास्त. यावर सोपा उपाय आहे: पुढचा, मागचा, पुन्हा पुढचा अशी तीन रीडिंग घ्या, पुढच्या दोन्हींची सरासरी काढा, आणि तिच्यातून मागचं रीडिंग वजा करा.