अश्वप्रदर्शन भरवणाऱ्या छोट्या संस्थेची नोंदणी आणि हिशेब : ठाणे व नवी मुंबईसाठी माहिती

प्रवेशशुल्क आणि देणग्या एखाद्या सभासदाच्या वैयक्तिक खात्यात जमा होऊ लागल्या की वाद अटळ असतो, म्हणून पहिल्या प्रदर्शनापूर्वीच संस्थेची नोंदणी करून घ्यावी. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार त्यासाठी किमान सात सभासद लागतात. ऐरोली, वाशी आणि बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर आणि पनवेल रायगड जिल्ह्यात येत असल्यामुळे संस्थेचा पत्ता ठरवतानाच अर्ज कोणत्या जिल्ह्याच्या कार्यालयात जाईल हे पाहावे.

अर्जासोबत घटना व नियमावली, पहिल्या सभेचा ठराव, कार्यकारी मंडळाची यादी, सर्वांची ओळखपत्रे, जागामालकाचे संमतीपत्र आणि त्या जागेचे वीजबिल तयार ठेवावे. उद्देश केवळ सभासदांच्या हौसेपुरता न लिहिता त्यात लोकोपयोगी काम स्पष्ट मांडावे, कारण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालील नोंदणी त्यावरच अवलंबून असते. या नोंदणीचा अर्ज संस्था स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. त्यानंतर संस्थेच्या नावे पॅन घेऊन बँकेत खाते उघडावे आणि धनादेशावर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या ठेवाव्यात.

खरी कसोटी प्रदर्शनाच्या दिवशी लागते. सकाळी गेटवर जमलेल्या रोख प्रवेशशुल्कातूनच दुपारी पाण्याच्या टँकरचे आणि नालबंदाचे पैसे चुकते केले जातात, आणि वर्षअखेरीस जमा किती व खर्च किती हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून जमा झालेली प्रत्येक रक्कम पावती फाडून आधी बँकेत भरावी आणि किरकोळ खर्चासाठी वेगळी उचल काढावी. नालबंद छापील बिल देत नाही. त्याच्यासाठी साध्या व्हाउचरवर घोड्याचे नाव, नालांची संख्या, तारीख व रक्कम लिहून त्याची सही किंवा अंगठा घेतला तरी लेखापरीक्षकाला आधार मिळतो. कोणी दिलेल्या ढाली आणि चाऱ्याच्या गंजीही वस्तुरूप देणगी म्हणून नोंदवाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रेक्षकांना प्रवेश असलेल्या अश्वक्रीडेसाठी खेळ-प्रदर्शनात वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीविषयीच्या २००१ च्या केंद्रीय नियमांखाली (Performing Animals (Registration) Rules) प्राण्यांची नोंदणी लागते. तिचा खर्च अंदाजपत्रकात धरावा.

३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण पूर्ण करावे. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलल्यास नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा आणि बँकेतील सह्याही त्याप्रमाणे बदलून घ्याव्यात.