उधाण-भांग आणि पंधरा मिनिटांचं लिखाण

कोकण किनाऱ्यावरच्या मिऱ्याच्या किंवा हर्णैच्या मुलीला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे सर्वांत मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांग म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती, आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा, हे घरातच कळतं. तीच मुलगी रत्नागिरीला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला येते, फळ्यावर गुरुत्वाकर्षणाचं सूत्र उमटतं आणि ती गप्प होते. फिजिक्स मुलींना जमायचं नाही, हे कुठूनतरी कानावर पडलेलं असतं.

हे गप्प होणं अभ्यासता येतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात अकिरा मियाके आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या ३९९ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. तो २०१० साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. पंधरा आठवड्यांच्या सत्रात फक्त दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं लिहायचं. निम्म्यांनी स्वतःला सर्वांत मोलाचं काय वाटतं ते लिहिलं: मैत्री, घरची माणसं, असं काहीही. उरलेल्यांनी स्वतःला बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी दुसऱ्यांना का मोलाच्या वाटत असतील, ते लिहिलं. लिखाणात फिजिक्सचा एक शब्द नव्हता. तरीही पहिल्या गटात मुला-मुलींच्या गुणांतली दरी बरीच कमी झाली.

असं का व्हावं? पेपर सोडवताना मनात हाताशी असलेली जागा थोडी असते. ‘मी इथली नव्हेच’ ही धास्ती त्यातलीच जागा खाते. आपण कोण, कशासाठी जगतो हे आठवलं की धास्तीचा जोर उतरतो, असं संशोधक मानतात. पुढे इतरत्र केलेल्या प्रयोगांत मात्र असा परिणाम दर वेळी दिसला नाही, म्हणून याला रामबाण म्हणू नये.

मला स्वतःला त्यापुढची पायरी जास्त महत्त्वाची वाटते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन गेली अनेक दशकं सांगत आले आहेत की शिकण्याची ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात: आपल्याला जमतंय ही जाणीव, माणसांशी नातं, आणि निवड आपल्या हातात असणं. तिसरी गोष्ट म्हणजे शिकण्यातलं कर्तेपण. आपल्या वर्गांत तीच सर्वांत कमी मिळते. प्रोजेक्टचा विषयसुद्धा मागच्या वर्षीच्या फाइलमधून येतो.

तो विषय त्या मुलीला निवडू द्या. ती कदाचित विचारेल, सूर्य एवढा अवाढव्य, मग भरतीवर जोर चंद्राचा का? गणित करताना तिला दिसेल की भरती घडवणारं बळ अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. सूर्य चंद्राच्या सुमारे ३९० पट लांब, म्हणून त्याचा वाटा चंद्राच्या जेमतेम निम्मा. दोघं एका रेषेत आले की उधाण, काटकोनात आले की भांग.