मान टाकलेला गुलाब आणि वय झालेला गुलाब
नाशिकचे मुघलकालीन नाव गुलशनाबाद, आणि आजही दिंडोरी तालुक्यातील पॉलिहाउसमधून लांब देठाचे गुलाब शहरात येतात; तरी फुलदाणीतला गुलाब दुसऱ्या दिवशी खाली पाहू लागला की ‘शिळे फूल दिले’ असे म्हणत आपण तो टाकून देतो. पुष्कळदा तो शिळा नसतो, तहानलेला असतो.

तहानलेल्या गुलाबाची फुलाखालची बोटभर मान मऊ पडून वाकते, पाने लोंबतात. मात्र कळी घट्ट मिटलेली आणि रंग ताजा असतो. देठ कापताक्षणी त्यातील पाणी वाहणाऱ्या सूक्ष्म नळ्यांत हवा शिरते. पुढे एप्रिलच्या उन्हात स्कूटरला अडकवून आणलेली जुडी थेट फुलदाणीत ठेवली, की पानांतून पाणी उडत राहते आणि खालून ते पुरेसे चढत नाही. त्यात पाणी शिळे झाले तर जिवाणू वाढून कापाचे तोंड बुजवतात. देठाचे टोक बोटांत धरून पाहावे, ते बुळबुळीत लागते आणि पाण्याला गटारासारखा वास येतो. मानेचा भाग सर्वांत कोवळा असल्यामुळे तोच आधी लवतो. अशा वेळी देठ पाण्याखाली धरून धारदार सुरीने दोन-तीन सेंटिमीटर तिरपा कापावा, पाण्यात बुडणारी पाने काढावीत आणि अख्खा गुलाब टबात कोमट पाण्यात तासभर आडवा बुडवून ठेवावा. मान वाकून फार वेळ झालेला नसेल तर ती बहुधा सरळ होते. पाण्यात नुसती साखर टाकण्याची घरोघरची रीत मला पटत नाही, कारण तिच्यामुळे फुलाआधी जिवाणूंचेच पोट भरते.

वय झालेल्या गुलाबाची गोष्ट वेगळी. त्याची मान अनेकदा ताठच असते, पण बाहेरच्या पाकळ्या सैल होतात, लाल रंगावर निळसर झाक चढते, पाकळीच्या मुळाशी चिमटीत हलके दाबले तर फूल पोकळ लागते आणि धक्का लागताच पाकळ्या गळतात. येथे पाकळ्यांतील पेशीच थकलेल्या असतात, त्यामुळे देठ कितीही कापला तरी उपयोग नाही. पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू ही अवस्था लवकर आणू शकतो. फुलदाणीशेजारी द्राक्षांची पेटी असली तर फारसे बिघडत नाही, कारण द्राक्षे हा वायू अत्यल्प सोडतात. पिकायला ठेवलेली केळी किंवा आंबे मात्र दुसऱ्या खोलीत हलवावेत.

मान वाकलेली आणि पाकळ्याही निळसर, अशी दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर पाकळ्यांचे ऐकावे आणि टब भरण्याचा खटाटोप करू नये.