लंडनचं स्टुडंट ऑयस्टर कार्ड: अर्जाआधी घराचा पत्ता बघा

लंडनला शिकायला निघालेली मुलं घर शोधताना आधी भाडं बघतात आणि अनेकांची गाडी लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाव (Slough) या शहरात येऊन थांबते. आपली माणसं भरपूर, किराणा सगळा मिळतो, एलिझाबेथ लाइन ही रेल्वे थेट लंडनमध्ये नेते. पण स्लाव लंडनच्या हद्दीत येत नाही. त्यामुळे तिथे राहणाऱ्याला विद्यार्थी सवलतीचं ऑयस्टर, म्हणजे लंडनच्या बस-रेल्वेत यंत्राला लावून भाडं भरायचं कार्ड, मिळत नाही. साधं ऑयस्टरसुद्धा या लाइनवर पश्चिमेला वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालतं. पुढे रेडिंगपर्यंत गाडी तीच, जांभळी पाटी तीच, पण चालतं ते कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड, नाहीतर सरळ तिकीट काढायचं.

हा घोळ पाट्यांमुळे होतो. ऑयस्टर 2003 मध्ये आलं. 2007 मध्ये जुन्या उपनगरी मार्गांना नारिंगी रंग देऊन ‘ओव्हरग्राउंड’ हे एकच नाव मिळालं, आणि जानेवारी 2010 पासून लंडनमधल्या इतर रेल्वे कंपन्याही ऑयस्टरमधून भाडं कापू लागल्या. 2024 च्या शेवटी ओव्हरग्राउंडच्या सहा मार्गांना लायोनेस, मिल्डमे, विंडरश अशी वेगळी नावं आणि रंग दिले. नकाशा देखणा झालाय, पण पाटीच्या रंगावरून कार्ड कुठवर चालेल ते कळत नाही. गॅटविक विमानतळ शहराबाहेर असूनही तिथे ऑयस्टर चालतं. ल्युटन विमानतळाला चालत नाही.

आता अर्जाकडे. कार्डाचं नाव ‘18+ स्टुडंट ऑयस्टर फोटोकार्ड’. वय 18 पूर्ण हवं, कोर्स किमान 14 आठवड्यांचा हवा, शिक्षणाच्या काळात राहण्याचा पत्ता लंडनच्या एखाद्या बरोमधला (म्हणजे शहराच्या प्रशासकीय विभागातला) हवा आणि तुमची संस्था या योजनेत सहभागी असायला हवी. अर्ज ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या शहराच्या वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर खातं उघडून करायचा. हाताशी ठेवा: पासपोर्टसारखा डिजिटल फोटो, विद्यापीठाने दिलेला नोंदणी क्रमांक, कोर्सच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख, शुल्क भरायला बँक कार्ड. तुम्ही खरंच तिथले विद्यार्थी आहात का, हे विद्यापीठ ऑनलाइन तपासतं. म्हणून नाव आणि क्रमांक विद्यापीठाच्या नोंदीत आहेत तसेच भरा. मधलं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल हा आपल्याकडचा नेहमीचा गोंधळ, तो इथे करू नका.

कार्ड मिळालं की सगळा प्रवास स्वस्त, असं मात्र नाही. 30 टक्के सवलत आहे ती पासावर, म्हणजे आठवड्याच्या, महिन्याच्या किंवा त्याहून मोठ्या ट्रॅव्हलकार्डवर. सुट्या प्रवासाला पूर्ण भाडंच कापलं जातं. आठवड्यातून दोन-तीन दिवसच वर्ग असतील तर पास परवडेलच असं नाही, आधी हिशोब करा.

अशांना 16-25 रेलकार्ड, म्हणजे रेल्वेभाड्यात सवलत देणारं कार्ड, जास्त उपयोगी. ते पासपोर्ट दाखवून निघतं; वय 26 किंवा जास्त असलेले पूर्णवेळ विद्यार्थीही ते घेऊ शकतात, पण त्यांना विद्यार्थी असल्याचा पुरावा लागतो. रेलकार्ड घेऊन थांबू नका. ते आणि ऑयस्टर दोन्ही ट्यूब (भुयारी रेल्वे) स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडे न्या आणि जोडून घ्या. मग गर्दीची वेळ सोडून केलेल्या सुट्या प्रवासाचं भाडं एक तृतीयांशाने कमी होतं. गर्दीची वेळ म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी 6:30 ते 9:30 आणि दुपारी 4 ते संध्याकाळी 7. फोटोकार्डावरही हे जोडता येतं, बँक कार्डावर नाही.

काही स्टेशनांवर फाटकंच नसतात, अगदी आपल्या लोकलसारखी. तिथेही चढताना-उतरताना यंत्राला कार्ड लावायचंच, नाहीतर कमाल भाडं कापलं जातं.

पदवीदानाला आई-बाबा येणार असतील तर ज्येष्ठांसाठीच्या ‘60+’ कार्डाची चौकशी करण्यात वेळ घालवू नका, ते फक्त लंडनच्या रहिवाशांना मिळतं. दोघांना दोन साधी ऑयस्टर घ्या. एका कार्डावर एका वेळी एकच माणूस जातो.